हात धरून सांगायची बातमी

"दोन म्हणजे दोनच, देया. अडीचला पान लागतं," तिकडून राजधानीच्या पेपरचा संपादक आर्बोलेदा म्हणाला, आणि देयानिरा रेन्तेरिया फोन कानाला धरून आणखी दोन पायऱ्या वर चढली.

पुएर्तो रेमान्सोत मोबाइलला रेंज म्हणून मिळायची ती बर्फाच्या कारखान्याच्या या लोखंडी जिन्यावरच. एरवी इथे जत्राच असायची. प्रेमाचं बोलणारे खालच्या पायऱ्यांवर कुजबुजत बसायचे, आजारपणं मधल्या पायऱ्यांवर चालायची आणि राजधानीत काम असलेली माणसं सगळ्यात वर जाऊन ओरडायची. आज मात्र जिना रिकामा होता. अख्खं गाव धक्क्यावर गेलं होतं. सकाळी सहाला सुटलेली प्रवासी होडी पहिल्याच मोठ्या वळणावर भोवऱ्यात उलटली होती, आणि नऊ वाजेपर्यंत चार जण दवाखान्याच्या मागच्या खोलीत चादरीखाली निजले होते.

"तीन नावं आत्ता देते," देयानिरा म्हणाली. "चौथं संध्याकाळी सहानंतर."

"चौथंच तर हवंय मला."

चौथा म्हणजे येफ्रिन मोया. वय अठरा. नदीच्या पार वरच्या अंगाला, लास ओर्केतास नावाच्या बारा घरांच्या वस्तीतला. त्या वस्तीतून शाळा पुरी केलेला पहिला मुलगा, आणि शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी गळ्यात बांधून घरी निघालेला. हे सगळं आर्बोलेदाला सकाळी तिनंच सांगितलं होतं. सांगायचं म्हणून नव्हे, मनात मावेना म्हणून. ती माणसाशी बोलली होती आणि ऐकलं होतं संपादकानं.

आर्बोलेदा तसा वाईट नव्हता. तो तिचा सातवा संपादक. आधीच्या सहांनी "लवकरच करू काहीतरी" एवढंच म्हटलं होतं. हा निदान तारीख सांगत होता. शुक्रवारी बैठक आहे, म्हणाला, आणि किनाऱ्याच्या भागासाठी एक कायमचा बातमीदार नेमायचाय. महिन्याचा पगार, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, आणि प्रत्येक बातमीवर ठळक नाव. हे पान मी टेबलावर नुसतं ठेवलं तरी मला तुझ्यासाठी एक शब्द बोलावा लागणार नाही. त्या पोराचे नि त्याच्या आईचे जे निरोप तू रेडिओवर वाचायचीस ना, त्यांवरच लिही.

एकोणीस वर्षं. तेविसाव्या वर्षी ती चर्चच्या छोट्या रेडिओवर टंकलेखक म्हणून लागली होती, आणि त्याच वर्षी आलेल्या पुराची बातमी तिनं राजधानीच्या पेपरला पाठवली होती. छापून आली. वर लिहिलं होतं, 'आमच्या वार्ताहराकडून'. तिच्या आईनं तो तुकडा उलटा, सुलटा, उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, यात तू कुठेयस? 'आमच्या' मध्ये, असं देयानिरा हसत म्हणाली होती. तेव्हा ते विनोदी वाटलं होतं. पुढे पूर आले, गोवर आला, सोनं शोधणाऱ्यांनी नदीत पारा ओतला, तीन महापौर आले नि गेले, आई गेली; देयानिरा 'आमच्या' मध्येच राहिली. गुडघे दुखायला लागले तरी होडीतून चढउतार करत राहिली, दर बातमीमागे मिळायचं तेवढ्यात भागवत राहिली, आणि पोटासाठी रेडिओवर रोज सकाळ-संध्याकाळ नदीचे निरोप वाचत राहिली.

हे निरोप म्हणजे या नदीचं टपाल. वरच्या वस्त्यांमध्ये ना तार ना फोन, पण ट्रान्झिस्टर प्रत्येक घरात. इथे चिठ्ठी द्यायची, देयानिरा वाचणार, आणि सात तासांवरच्या झोपडीत कुणीतरी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ऐकणार. 'लास ओर्केतासच्या सिन्फोरोसा मोया यांना मुलगा येफ्रिन कळवतो की वह्या संपल्या, पण घाई नाही.' 'येफ्रिनला आई कळवते की गुरुवारच्या होडीतून केळी पाठवली आहेत, दोन फण्या घरमालकिणीला द्याव्यात.' अशी सहा वर्षं. सगळ्या नदीला येफ्रिनचं गणित कच्चं आहे हे ठाऊक होतं. तो पास झाला तेव्हा तीन वस्त्यांमधून अनोळखी माणसांनी त्याचं अभिनंदन कळवलं होतं. शाळेसाठी गावात राहिलेल्या पोराशी देयानिराची रोजची ओळख, आणि आईला मात्र तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. सिन्फोरोसा म्हणजे मळक्या चिठ्ठ्यांवरचं दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं अक्षर, एवढंच.

आणि या टपालाचा एक नियम होता. देयानिराच्या आधीपासूनचा, कुणी लिहून न ठेवलेला. मरण रेडिओवर सांगायचं नाही. आजारपण, अपघात, मरण, काहीही असो, रेडिओवर फक्त म्हणायचं, 'अमक्यांनी लवकर खाली यावं.' माणूस होडी करून येतो, धक्क्यावर कुणीतरी वाट पाहत उभं असतं, ते आधी हात हातात घेतं आणि मग सांगतं. जवळचं कुणी नसेल तर रेडिओवालं माणूस जातं. एकोणीस वर्षांत देयानिरानं असे किती हात धरले, ते ती मोजत नव्हती. कुठल्या पेपरनं त्याचे पैसे दिले नव्हते नि कुठल्या ओळखपत्रावर ते लिहिलेलं नसतं.

आज तिघांच्या घरच्यांना सांगून झालं होतं, ती गावातलीच माणसं. साडेनऊला तिनं सिन्फोरोसासाठी निरोप वाचला. होडी मिळून अकराला निघाली असली तरी सहाच्या आधी पोचणं शक्य नव्हतं.

"उद्याच्याच अंकात ना?" तिनं विचारलं.

"मग काय कालच्या?" आर्बोलेदा हसला.

उद्याचा अंक राजधानीत उद्या निघणार. इथे विमानानं परवा येणार, तोही पाऊस नसेल तर. आणि नदीच्या वर पेपर जायचा तो फक्त साबण गुंडाळून. देयानिरानं मनात हिशेब केला: परवा पेपर येईतो बाई आलेली असेल, मी हात धरून सांगितलेलं असेल, पोराला मातीही दिलेली असेल. कुठे काय बिघडतं? एकोणीस वर्षं कागदाबरोबर राहिलं की माणसाला कागदाचीच चाल खरी वाटायला लागते.

"पाठवते," ती म्हणाली.

इंटरनेटच्या दुकानात तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर ती बसली. पहिली ओळ यायला वेळ लागला आणि मग काही थांबेचना. वह्या, केळी, कच्चं गणित, गळ्यातली पिशवी. दाखला कोरडा राहिला होता, हे तिनं शेवटी लिहिलं. लिहिताना रडू येत होतं, आणि खोटं कशाला सांगायचं, रडता रडता तिला हेही कळत होतं की आपण आजवर इतकं चांगलं कधीच लिहिलेलं नाही. दोनला आठ मिनिटं कमी असताना तिनं ते धाडलं. मग उठून तिनं दुकानातल्या फुटक्या आरशात पाहून केस बांधले, पहिल्यांदा कामावर जाणाऱ्या मुलीसारखे.

रेडिओच्या खोलीत एलिएसेर एकटाच होता. एलिएसेर म्हणजे यंत्रं सांभाळणारा म्हातारा, खोकत खोकत जगाला नावं ठेवणारा. तिला येताना पाहून म्हणाला, "ये गं राजधानीची राणी. तोंडावर आज उजेड बराच दिसतोय. कुणी मेलंय गावात, माहितीये ना?"

"गप बसा हो."

त्यानं गुळाचं गरम पाणी पुढे केलं. ती प्याली. तीन वाजले. राजधानीच्या मोठ्या रेडिओच्या बातम्या एलिएसेर रोज लावायचा, मुख्यतः शिव्या द्यायला मिळतात म्हणून. आधी मंत्री, मग कॉफीचे भाव. आणि मग एका पुरुषाचा जाड, तेलकट आवाज म्हणाला की नदीकाठच्या पुएर्तो रेमान्सो इथं आज सकाळी होडी उलटून चार जण मरण पावले, त्यांत लास ओर्केतासचा अठरा वर्षांचा येफ्रिन मोया, आपल्या वस्तीतला शाळा पूर्ण करणारा पहिला. आवाजानं वह्यांचं सांगितलं. केळ्यांचं सांगितलं. गळ्यातल्या पिशवीपाशी येऊन तो एक क्षण थांबलाही, छान थांबला.

एलिएसेरनं बटण फिरवून रेडिओ बंद केला.

"हे तुझं आहे," तो म्हणाला. विचारलं नाही त्यानं.

देयानिरा जिन्याकडे धावली. या वयात, त्या गुडघ्यांनी, चोवीस पायऱ्या. फोनवर आर्बोलेदा खुशीत होता. वेबवाल्यांनी उचललं, म्हणाला, आता सगळं एकाच सिस्टिममध्ये जातं देया, आलं की लगेच दिसतं, मला वाटलं तुला माहीत असेल. रेडिओवाले आमच्याकडूनच घेतात. इथे दोघी जणी टेबलाशी बसून रडल्या. आणि हो, तुझं नाव वर लावलंय, ठळक.

"फोटोपण?" तिच्या तोंडून गेलं.

तो म्हणाला, तुझा फोटो शुक्रवारनंतर. तिनं फोन बंद केला आणि जिन्याच्या गंजक्या कठड्यावर कपाळ टेकलं. चूक झाली ती झालीच होती. पण ते 'फोटोपण?' तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

परत आल्यावर तिनं एलिएसेरला एवढंच विचारलं की बाई आत्ता कुठे असेल. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊला ऐकून अकराला निघाली असेल, तर तीनच्या सुमाराला पेट्रोलच्या तराफ्यापाशी. सगळ्या होड्या तिथं पेट्रोल भरायला थांबतात. आणि तराफ्यावरच्या माणसाचा रेडिओ कधी बंद नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी ते बोललं नाही. मग एलिएसेर म्हणाला, "मी जातो धक्क्यावर. तू बस."

"नाही. मीच जाते."

"कशाला? सांगायचं काय राहिलंय आता?"

त्याचं बरोबर होतं. तरी ती गेली.

होडी लागली तेव्हा सहाला दहा कमी होती. उन्हं नदीवर आडवी पडली होती. होडीत चार माणसं; तीन उतरून बाजूला झाली आणि मग एक ठेंगणी, काटकुळी बाई उतरली. डोक्याला पांढरं फडकं, हातात रुंद पानात बांधलेली शिदोरी. देयानिरा पुढे झाली. सवयीनं हात पुढे गेला तो गेलाच.

"दोन्या सिन्फोरोसा," ती म्हणाली, इकडे मानाच्या बाईला म्हणतात तसं.

बाई थबकली. आवाज ओळखीचा आणि तोंड अनोळखी, असं तिचं झालं. तिनं देयानिराला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या," ती म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही उंच असाल."

बाईनं देयानिराचा हात धरला. तिनंच धरला, घट्ट. तिचा तळवा वल्ह्यानं खरखरीत झालेला होता.

"तराफ्यावर एक माणूस बोलत होता रेडिओत. माझ्या येफ्रीचं नाव घेत होता. होडीतली सगळी रडायला लागली. मी म्हटलं, थांबा गं. हा कुणाचा कोण. खरं असतं तर आपल्या रेडिओवरच्या सेन्योरा बाईंनी नसतं का सांगितलं? त्यांनी नुसतं 'खाली या' म्हटलंय. मी अडीच तास यांना हेच सांगत आले. तो माणूस खोटं बोलतोय म्हटलं." तिनं मान वर केली. "आता सांगा तुम्ही."

हे सांगणं देयानिराला येत होतं. शब्द कुठले, किती हळू, कुठे थांबायचं, सगळं. तिनं सांगितलं. बाई हलली नाही, फक्त तिच्या हातातली पकड एकदा ढिली होऊन पुन्हा आवळली. इथवर सगळं नेहमीसारखं झालं. इथंच थांबता आलं असतं. बाई तिच्याकडे अशी पाहत होती की अख्ख्या नदीवर एकच माणूस खरं बोलतं आणि ते तिच्यासमोर उभं आहे. तो विश्वास तसाच राहू दिला असता तर कुणाला कळणार होतं? एलिएसेर मेला तरी बोलला नसता.

"त्या माणसाला मी सांगितलं," देयानिरा म्हणाली.

"कुठल्या?"

"रेडिओतल्या. म्हणजे पेपरला मी लिहून दिलं, तिथून त्याच्याकडे गेलं. येफ्रीचं नाव, वह्यांचं, सगळं मीच दिलं. पेपर उद्या निघेल असं वाटलं मला. तोवर तुम्हाला मी भेटलेली असेन, असं वाटलं."

"कशाला दिलंत?"

खूप उत्तरं होती. आर्बोलेदा होता, एकोणीस वर्षं होती, आई होती तो तुकडा उजेडात धरून बसलेली.

"मला नोकरी मिळणार होती," देयानिरा म्हणाली.

सिन्फोरोसानं ते ऐकून घेतलं. बाजारात कुणी भाव सांगावा आणि गिऱ्हाइकानं नुसती मान हलवावी, तशी तिनं मान हलवली. मग हात सोडवून घेतला, झटकला नाही, शिदोरी दुसऱ्या बगलेत घेता यावी म्हणून सोडवावा तसा.

"कुठून जायचं?" तिनं विचारलं.

देयानिरानं दवाखान्याची वाट दाखवली आणि मागून, चार पावलं अंतर ठेवून, चालत गेली. मागच्या खोलीत ती गेली नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आतून रडणं आलं नाही. बराच वेळ नुसतं बोलणं ऐकू येत होतं, घरी आलेल्या मुलाशी आई बोलते तसं, हळू, थोडं रागावल्यासारखं.

बाहेर आली तेव्हा सिन्फोरोसाच्या गळ्यात ती प्लास्टिकची पिशवी होती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. शिदोरीची दोरी सोडली. धुरावलेला मासा, भात, उकडलेली केळी. तराफा यायच्या आधी, मुलगा पडला असेल, पाय मोडला असेल, अशा समजुतीनं बांधलेलं अन्न. तिनं पान मधोमध फाडलं आणि अर्धं बाकावर सरकवलं.

"खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

"मला नको, दोन्या सिन्फोरोसा."

"खा म्हणते ना. फेकायचं का मी?"

देयानिरा खायला लागली. प्रत्येक घास गिळायला कष्ट पडत होते आणि थांबायची सोय नव्हती. सिन्फोरोसा स्वतः भाताचं एक शीतसुद्धा न खाता समोर पाहत बसली होती. देयानिराचं संपत आलं तेव्हा ती म्हणाली की वर तिची बहीण आहे, दोन दीर आहेत, त्यांना कळवायला हवं. पोराला इथं नाही ठेवायचं, घरी न्यायचंय. नऊ रात्रींची प्रार्थना तिकडेच व्हायला हवी. देयानिरानं सवयीनं वही काढली आणि बाई सांगत गेली तसं उतरवून घेतलं. सांगून झाल्यावर सिन्फोरोसानं वहीकडे बोट केलं.

"हे उद्या सकाळी वाचायचं. पण तुम्ही नका वाचू. दुसरं कुणी असेल तर त्याला द्या."

"एक म्हातारे आहेत. खोकतात फार."

"चालेल," सिन्फोरोसा म्हणाली.

शुक्रवारी देयानिराची नेमणूक व्हायची होती आणि ती झालीही. ओळखपत्र आलं, नाव ठळक आलं, पुढे फोटोही आला. पण हा निरोप वाचायची सकाळ त्याच्या आधीची, गुरुवारची. सहाला पाच कमी असताना एलिएसेर काचेपलीकडे तिच्या खुर्चीत जाऊन बसला. तीस वर्षं यंत्रं सांभाळली, पण माइकसमोर तो कधी बसला नव्हता. कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. देयानिरा अलीकडे, त्याच्या स्टुलावर.

तिनं त्याला खूण केली.

"लास ओर्केतासच्या," एलिएसेर म्हणाला आणि खोकला. "माफ करा. लास ओर्केतासच्या मोया कुटुंबाला सिन्फोरोसा कळवते, की आम्ही उद्या दुपारच्या होडीनं येतोय. दोघं येतोय. घर झाडून ठेवावं."

त्याचा आवाज फार खाली जात होता. लास ओर्केतास सात तास दूर, मधे डोंगर, आणि सकाळी धुक्यात तसंही नीट ऐकू येत नाही. देयानिरानं आवाजाचं बटण धरलं आणि तो वाचत होता तोवर हळूहळू, एकेक रेघ, वर चढवत राहिली.